पुढच्या वर्षीचा वाल्मिक

रविवार, ४ मे २०२५. मुरबाड.
नळाला पाणी सहाला, वीस मिनिटं. काजल पहिल्या एसटीने वैशाखऱ्याहून आली, सात वाजून दहा मिनिटं. दोन्ही हातांत मिळून बावीस बांगड्या. सव्वाआठला वाल्मिक मोटरसायकलवर आला. चहा नको म्हणाला, म्हणजे भांडायला आला होता. बोलणी झाली. शेजारच्या शकूने गवारीची भाजी आणून दिली. बाकीचं संध्याकाळी लिहीन.

हे पान मी आज पुन्हा काढलं आहे. काजलच्या डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचा निकाल अजून लागायचा आहे, आणि मी मुद्दाम त्याच्या आधी लिहायला बसले आहे. निकाल काहीही लागो, तो लागल्यावर वाल्मिक सांगेल तीच गोष्ट गावात खरी ठरेल. तेव्हा खरं काय झालं ते कुठेतरी लिहिलेलं असावं.

वाल्मिक हा काजलचा थोरला काका. मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ अशी पाटी आहे. घाटाच्या रस्त्यावरची आणि सिद्धगडाच्या बाजूची माणसं दाखले, भरत्या, परीक्षा, सगळ्यासाठी त्याच्याकडे येतात. प्रत्येक फॉर्मची शेवटची तारीख त्याला तोंडपाठ असते. ज्याला शेवटच्या तारखा पाठ, त्याला सुरुवात कधी करायची हेही कळत असणार, असा लोकांचा समज आहे. वाल्मिकने जन्मात कशाचीही सुरुवात वेळेवर केलेली नाही.

विसाव्या वर्षी तो पोलीस भरतीला जाणार होता. उंची होती, छाती होती, धावायचाही चांगला. त्या वर्षी म्हणे भातलावणी आडवी आली. दुसऱ्या वर्षी बहिणीचं लग्न. तिसऱ्या वर्षी गुडघा. “भरती काय, दरवर्षी असते,” असं तो आमच्या दवाखान्याच्या बाकावर बसून सांगायचा. भरती दरवर्षी होती हे खरं, वाल्मिक मात्र दरवर्षी विसाचा राहिला नाही. वयाची अट उलटली तेव्हा त्याला सरकारचा राग आला.

वैशाखऱ्याला त्याचं घर आहे. स्लॅबमधून वरच्या मजल्यासाठी लोखंडी गज वर काढून ठेवलेले आहेत आणि गंजू नयेत म्हणून त्यांच्यावर बाटल्या पालथ्या घातल्या आहेत. वरचा मजला पुढच्या वर्षी. हे मी एकोणीस वर्षं ऐकते आहे. बाटल्या तीनदा बदलल्या.

माझे यजमान डॉक्टर होते. त्यांनी वाल्मिकला सांगितलं होतं, तुला हर्निया आहे, आताच शस्त्रक्रिया करून घे, साधी आहे. वाल्मिकने सहा वर्षं काढली. सातव्या वर्षी एका संध्याकाळी आतडं अडकलं, तेव्हा डॉक्टरांनी त्याला स्वतःच्या गाडीत घालून कल्याणला नेलं. तो वाचला. आजही तो सांगतो, “डॉक्टरसायबांनी जरा घाईच केली.”

त्याचा मुलगा प्रज्वल. बारावीनंतर त्याला डॉक्टर करायचं ठरलं. पहिल्याच वर्षी परीक्षा द्यायची तर तयारी अपुरी, म्हणून ‘ड्रॉप’ घेतला. म्हणजे एक वर्ष नुसता अभ्यास करायचा आणि परीक्षा पुढच्या वर्षी द्यायची. लांबच्या शहरात क्लास लावला. पुढच्या वर्षी परीक्षेच्या आधी ताप आला, म्हणून दुसरा ड्रॉप. दोन वर्षं गावात ‘प्रज्वल डॉक्टर होतोय’ असं सांगितलं गेलं आणि दोन वर्षांत त्या मुलाने पेपरचं तोंड पाहिलं नाही. आता तो पडघ्याला एका गोदामात नोकरी करतो. नोकरी वाईट नाही, मुलगाही वाईट नाही. पण त्याचा बाप अजून “आमच्या प्रज्वलने दोन ड्रॉप घेतले” असं अशा आवाजात सांगतो, जणू दोन पदव्या घेतल्या. ड्रॉपची मजा त्याला तेव्हाच कळली. परीक्षा दिली की गुण कळतात. दिली नाही की घराण्याची अब्रू शाबूत.

काजल ही त्याच्या धाकट्या भावाची, बारकूची मुलगी. बारकूचं मत विचारलं की तो भावाच्या तोंडाकडे बघतो, तेव्हा त्याच्याबद्दल अधिक लिहायला नको. मुलगी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली आणि अकरावीला विज्ञान घेऊन मुरबाडच्या कॉलेजात आली. पुस्तकं सगळी इंग्रजी. तिची आई गोदू तिला घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “बाई, हिला शब्दांचे अर्थ सांगा. बाकी ती करते.” दोन वर्षं कॉलेज सुटलं की काजल माझ्या मागच्या खोलीत बसायची. पहिले चार महिने ती शब्द विचारायची. नंतर विचारायची बंद झाली आणि मला पेशींच्या आकृत्या दाखवून माझीच परीक्षा घ्यायला लागली.

जानेवारीत प्रज्वलची सुपारी फुटली. मुलगी शहापूरकडची. लग्न सोमवारी पाच मेला, हळद रविवारी चारला. आमच्या भागात लग्नापेक्षा हळद मोठी. मांडव, वाजप, जेवणावळ, सारा गाव लोटतो. काजल सुपारीच्या बैठकीतच म्हणाली होती, “काका, मे महिन्याच्या पहिल्या रविवारी आमची परीक्षा असते.”

“तारीख लागलीय का?”

“अजून नाय. पण तेव्हाच असते.”

“लागली की बघू.”

फेब्रुवारीत तारीख लागली. चार मे.

नऊ फेब्रुवारीला वाल्मिक, गोदू आणि काजल माझ्या ओटीवर बसले. वाल्मिक माझा सल्ला विचारायला आला की मी समजते, त्याचा निर्णय झालेला आहे.

“बाय, तुमी शिकलेल्या. तुमीच सांगा. पोरीची तयारी झालीय का?”

“बरीच झाली आहे.”

“बरीच म्हंजे पुरी नाय. अर्ध्या तयारीनं पेपर दिला तर नापासाचा शिक्का बसंल. यंदा ड्रॉप घेऊ दे. पुढल्या वर्षी निवांत देईल.”

“या परीक्षेत शिक्का नसतो, वाल्मिक. गुण येतात. कमी पडले तर पुन्हा देता येते. कितीही वेळा.”

“तेच तर बोलतो मी! कितीही वेळा देता येते, मंग यंदाच कशाला?”

गोदू पदराने वारा घेत जमिनीकडे बघत होती. काजल म्हणाली, “काका, यंदा दिली आणि नंबर नाय लागला, तर पुढच्या वर्षी दुसऱ्यांदा देईन. यंदा नाय दिली तर पुढच्या वर्षी पहिल्यांदा देईन.”

“दोनी एकच.”

“एक कसं? एक पेपर बघितलेला असंल ना.”

“पेपर काय बघायचाय? मोबाईलवर दिसतो.”

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिते. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. काजलच्या सराव परीक्षांचे गुण माझ्या डायरीत आहेत. सातशेवीसपैकी डिसेंबरात तीनशे बेचाळीस, जानेवारीत तीनशे एकाहत्तर. एप्रिलअखेर ते चारशे एक्केचाळीसपर्यंत गेले. तेवढ्यावर सरकारी कॉलेज मिळेल की नाही, कोणी सांगू शकत नव्हतं. आणखी वर्षभर बसली तर गुण वाढतील, हे खरंच. पण परीक्षा देऊनही वर्षभर बसता येतं. यंदा देण्यात तिचं काहीच जाणार नव्हतं. मग हा माणूस इतका जोर का लावतो, ते मला कळेना. कळलं ते गोदूकडून. ती पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात माझ्या मागे आली आणि हळूच म्हणाली, “बाई, ड्रॉपबीप काय नाय. नवरीचा भाऊ हाय, सुयोग. गोदामात सुपरवायझर. मोठ्या भावजींनी शहापूरवाल्यांना शब्द दिलाय. पोरगी यंदा घरी बसली की पुढल्या मे महिन्यात हिचं.”

“काजलला माहीत आहे?”

“हाय ना. तिनंच मला सांगितलं. भिंतीपलीकडून ऐकलं तिनं.”

म्हणजे साटंलोटं. मुलगी आणली, मुलगी दिली. परीक्षा दिली तर निकाल, निकाल लागला तर कॉलेजांचे फॉर्म, आणि तोवर मुलगी ‘शिकतेय’ म्हणून कोणी हात लावू शकत नाही. ड्रॉप घेतला तर ती नुसती घरात असलेली मुलगी. पुस्तक उघडून बसली म्हणून काय झालं, पाण्याला तीच, भाकरीला तीच आणि पाहुणे आले की चहा घेऊन बाहेर येणारीही तीच. एवढा धूर्तपणा वाल्मिकला पोलीस भरतीच्या वेळी सुचला असता तर आज फौजदार असता.

फॉर्म भरायची मुदत मार्चच्या पहिल्या आठवड्यात संपत होती. घरात फॉर्मवाला काका असताना मुलीने दुसरीकडे का जावं? काजल रोज दुकानात जाऊन विचारायची, आणि वाल्मिक म्हणायचा, “शेवटच्या दोन दिवसांत भरू. तेव्हा साइट मोकळी असते.” तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे की शेवटच्या दोन दिवसांत साइट मरते. एक मार्चला काजल माझ्या मागच्या खोलीत बसली आणि स्वतःच्या मोबाईलवर तिने फॉर्म भरला. फोटो दोनदा नाकारला गेला, सही एकदा. एक तास चाळीस मिनिटं लागली. मी फक्त घड्याळ पाहत होते.

वाल्मिकला सांगितलं तेव्हा तो चिडला नाही. तो कधी चिडत नाही. “भरला तर भरला,” म्हणाला, “भरला म्हणून द्यायलाच पायजे असं थोडीच?” एप्रिलच्या शेवटी हॉलतिकीट आलं, ते त्याच्याच दुकानात छापलं. त्याने दोन प्रती काढल्या, रंगीत. कोणी कागद मागितला की हा छापून देतो.

परीक्षेचं केंद्र कल्याणला. दुपारी दोनचा पेपर, दीडला दरवाजा बंद. शनिवारी दुपारपासून काजलने माझ्याकडे राहायचं, असं ठरलं होतं. शनिवारी बाराला तिचा फोन आला. “आजी, चुडा भरायचाय बोलतात. कासार पाचला येणार. मग काका सोडतील.”

कासार आला सहाला. वाल्मिकला मुलगी नाही, म्हणून प्रज्वलची करवली काजल. करवली म्हणजे नवऱ्याची पाठराखीण बहीण, हळदीला दिवा धरते ती. घरातल्या बायकांना हिरवा चुडा भरला, करवलीला सर्वांत भरगच्च, अकरा आणि अकरा. काकू, म्हणजे वाल्मिकची बायको, कासाराला म्हणाली, “घट्ट भर रे, नाचताना फुटतील.” चुडा एकदा भरला की लग्न लागेपर्यंत उतरवायचा नाही. उतरवला तर नवऱ्यामुलाला अपशकुन. आणि हॉलतिकिटावर स्पष्ट लिहिलं होतं की दागिना, घड्याळ, हातात काही म्हणजे काही चालणार नाही. चुडा भरून झाला, आणि तिला सोडायला एकही गाडी मोकळी नव्हती. सगळ्या गाड्या मांडवाचं सामान आणायला गेल्या होत्या.

गोदूने तिला पहाटे उठवलं. बॅटरी घेऊन रस्त्यापर्यंत आली आणि एसटीत बसवून दिलं. पिशवीत हळदीची पिवळी साडी घातली. “मांडवाची उंबराची फांदी मी आणते,” म्हणाली, “तू जा.”

तर रविवारी सात वाजून दहा मिनिटांनी काजल माझ्या दारात. हात पुढे केले.

“आजी, हे कसं काढायचं?”

“फोडायच्या?”

“नको. आई रडंल.”

बांगडी न फोडता काढायची एक जुनी रीत आहे. हाताला साबणाचा दाट फेस लावायचा, वरून मऊ प्लास्टिकची पिशवी चढवायची आणि अंगठा तळव्यात दुमडून एकेक बांगडी पिशवीवरून सरकवायची. मोरीपाशी स्टूल टाकून बसलो. एकेका बांगडीला दोन-तीन मिनिटं लागत होती. हात लाल झाला. दर बांगडीबरोबर ती पुटपुटत होती. मला वाटलं देवाचं नाव घेते. ती हाडांची नावं म्हणत होती.

चौदा निघाल्या होत्या तेव्हा बाहेर मोटरसायकल थांबली.

वाल्मिक थेट मागे आला. नवा पांढरा शर्ट, कपाळाला कुंकू. “आरं देवा! बाय, हे काय चाललंय? लग्नघरचा चुडा उतरवताय? आनि त्यो पन तुमी...”

“मी काय?”

विधवा, असं त्याला म्हणायचं होतं. त्याचं धाडस झालं नाही. वाक्यही त्याने पुढच्या वर्षावर टाकलं.

“वाल्मिक,” मी म्हटलं, “हे हॉलतिकीट तूच छापलंस ना? खाली नियम आहेत. वाच.”

त्याने कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि परत दिला. “मी काय वाचतो थोडाच, बाय? मी छापतो.”

मी त्याला पस्तीस वर्षं ओळखते, पण त्याच्याबद्दल इतकं खरं त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

“चल गो,” तो काजलला म्हणाला. “उंबराला जायचंय. करवलीबिगर कसं जायचं? सारे वाट बघतात. परीक्षा काय, दरवर्षी हाय. भावाचं लगीन एकदाच.”

काजलने हात काढून घेतला नाही. मी पंधरावी बांगडी सरकवत होते.

“काका, पुढच्या मे महिन्यात कोणाचं लगीन हाय?”

“कोणाचं म्हंजे?”

“माझंच ना? सुयोगशी.”

वाल्मिक माझ्याकडे बघायला लागला. मी बांगडीकडे बघत होते.

“असं कोन बोललं?”

“तुमीच बोलले. शहापूरवाल्यांना. मी भिंतीपलीकडं होते.”

“आगं, शब्द म्हंजे काय लगेच... लगीन म्हंजे काय घाई हाय का? पुढल्या वर्षी बघू ना.”

तिला हसू आलं. हात हलला आणि पंधरावी बांगडी वाढली. काच मोरीत पडली. वाल्मिकने दोन पावलं मागे घेतली. “बघा! बघितलंत? मी बोलत होतो!”

काजलने खाली वाकून तुकडे स्वतः गोळा केले, मोजून कागदात ठेवले. “एक गेली, काका. सात हायत अजून. तुमी चहा घ्या, नायतर जा. मला टाइम नाय.”

“मंग हळदीला तोंड दाखवू नको.”

“येणार. दिवे लागायच्या आत येते. दिवा मीच धरणार प्रज्वलदादाचा. त्याला विचारा, तोच बोलला, पेपर देऊन ये. तुमच्यामुळं नाय देता आला त्याला.”

शेवटचं वाक्य ती मोठ्याने बोलली नाही. पण वाल्मिकला ऐकू गेलं. मोटरसायकलची मागची सीट रिकामी घेऊन गेला. कल्याणला नाही, निदान स्टँडपर्यंत तरी सोडतो, एवढंही त्याला सुचलं नाही.

स्टँडवर शेअर जीप एकही नव्हती, सगळ्या वऱ्हाडांना गेल्या होत्या. एसटी वीस मिनिटं उशिरा आली, खच्चून भरलेली. काजल पारदर्शक बाटली, हॉलतिकीट आणि आधार कार्ड छातीशी धरून पायरीवर उभी राहिली. कंडक्टर म्हणाला, “ताई, आत सरक.” ती सरकली. मला हात केला नाही, तिचे दोन्ही हात गुंतलेले होते. नऊ पन्नास. मी घरी येऊन मोरी धुतली.

संध्याकाळी सव्वासातला ती परत आली. चेहरा वाळलेला.

“कसा गेला?”

“फिजिक्स लय लांबडं होतं, आजी. बायो सुटलं. बाकी जूनमध्ये कळंल.” मग पाणी पिऊन म्हणाली, “पन आता कळलं कसं असतं ते. पहिल्या पंधरा मिनिटांत हातच चालेना. पुढच्या टायमाला असं नाय होनार.”

हे कळायलाच यंदा जायला हवं होतं. वाल्मिकच्या मोबाईलवर ते दिसत नाही.

पुन्हा साबण, पुन्हा पिशवी. बांगड्या काढण्यापेक्षा चढवायला वेळ लागला, हात सुजले होते. उजव्या हातात अकरा, डाव्या हातात दहा.

“काकू मोजणार,” काजल म्हणाली.

“मोजू दे. बावीसपेक्षा एकवीस शुभ.”

ती पिवळी साडी नेसत होती तेव्हा बाहेर जीपचा हॉर्न वाजला. वाल्मिकने करवलीसाठी जीप पाठवली नव्हती, स्वतः घेऊन आला होता. दिवा धरायला कोणी नाही म्हणून प्रज्वल पाटावर बसायला तयार नव्हता, हे मला मागाहून कळलं. जीपमध्ये गावची चार वयस्क माणसं होती. वाल्मिक पुढच्या सीटवरून उतरला आणि त्यांना मोठ्या आवाजात सांगू लागला:

“डॉक्टरकीची परीक्षा दिली आमच्या पोरीनं. आज, भावाच्या हळदीच्या दिवशी! मी म्हटलं, यंदाच द्यायची. वेळ कशाला घालवायचा? फॉर्म मीच भरला, हॉलतिकीट मीच काढलं.”

मी उंबऱ्यात उभी होते. माझ्या ओठांवर बरंच काही आलं होतं. पण काजल माझ्या बाजूने पुढे गेली, जीपमध्ये मागे चढली आणि त्या चार माणसांना म्हणाली, “ऐकलंत ना? काका बोलले. यंदा नंबर नाय लागला तर काका पुढच्या वर्षी परत बसवणार हायत परीक्षेला.”

एक म्हातारा म्हणाला, “काय रे वाल्मिक?”

“म्हंजे काय!” वाल्मिक म्हणाला. “बसवणारच. एकदा ठरलं म्हंजे ठरलं.”

त्याच्या शब्दाला किती किंमत आहे ते मी वर लिहिलं आहे. पण चार माणसांपुढे मारलेली फुशारकी परत घ्यायला त्याच्या अंगात बळ नाही. असल्या माणसांना शब्द बांधत नाही, बढाई बांधते. आता शहापूरवाल्यांना काय सांगायचं ते तो पुढच्या वर्षी बघेल.

जीप गेली. मी काजलचे पुस्तकांचे गठ्ठे टेबलावरून उचलून परत शेल्फात ठेवले, टाकले नाहीत. मग डायरी काढली आणि सकाळच्या नोंदीखाली लिहिलं:

गवार खाल्ली नाही, शकूला सांगू नये. अंगाचा साबण संपला. नवी वडी काढली.